कंबरेत हाड वाढलंय म्हणजे कॅल्शियम साचलंय का?

प्रश्न: डॉक्टर, आईचं वय ७१. कंबर दुखते म्हणून एक्स-रे काढला तर रिपोर्टमध्ये एल-४, एल-५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला) ऑस्टिओफाइट्स आलंय, म्हणजे मणक्याचं हाड वाढलंय म्हणे. सगळे सांगतात कॅल्शियम जास्त झालं की असं होतं, म्हणून आईने स्वतःहून कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्यात. बरोबर आहे का हे? आणि वाढलेलं हाड औषधाने विरघळेल का?

उत्तर: आधी गोळ्यांचं बघा, ज्या डॉक्टरांनी दिल्यात त्यांना न विचारता बंद करू नका. या वयात हाडं ठिसूळ व्हायची भीती खरी आहे आणि हे हाड काही गोळ्यांमुळे वाढलेलं नाही.

मुळात झिजते ती दोन मणक्यांमधली गादी. तरुणपणी तिच्यात भरपूर पाणी असतं, वयानुसार ते कमी होतं, गादी बसते, मग मणक्यांना बांधून ठेवणारे लिगामेंट सैल पडतात आणि मणके नको तेवढे हलायला लागतात. गादीचे चिवट धागे मणक्याच्या काठाला जिथे रुतलेले असतात तिथे सारखी ओढ बसते, त्या ओढीने तिथे आधी कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) तयार होते आणि हळूहळू तिचंच हाड बनतं, याला वर्षं लागतात. खिळखिळ्या खुर्चीला आपण पट्टी ठोकतो ना, शरीर तेच करतंय. कंबरेतल्या ५ मणक्यांपैकी खालच्यांवर भार जास्त, म्हणून बहुतेक वेळा तिथेच. मागच्या छोट्या सांध्यांतही असंच होतं.

विरघळवणारं औषध नाही, कोणी विकत असेल तर पैसे घालवू नका. आणि खरं सांगू, साठीनंतर कितीतरी जणांच्या एक्स-रेत हे दिसतं आणि त्यांना काहीही दुखत नसतं, त्यामुळे आईंची कंबर याच हाडामुळे दुखतेय असं नुसता फोटो बघून म्हणता येत नाही, त्यांना तपासूनच ठरवावं लागेल. बऱ्याच जणांना फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम आणि रोजचं चालणं यानेच बरं वाटतं.

हाडाने नसेची जागा अडवली तर मात्र गोष्ट वेगळी. थोडं चाललं की पाय जड होतात, मुंग्या येतात, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, असं आईंना होतं का विचारा. होत असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, ते गरज पडली तर एमआरआय सांगतील. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल अचानक उचलेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.