विचारा ताई: बचत गटाच्या वह्या, दिवाळीचं वाटप आणि नवऱ्याची गाडी

प्रश्न: ताई, आमचा बारा बायकांचा गट आहे, तीन वर्षं झाली, दर महिन्याला शंभर रुपये टाकतो. मी शेळ्यांसाठी गटातून दहा हजार उचलले होते, शेकडा दोन रुपयांनी. महिन्याला हजार मुद्दल आणि दोनशे व्याज असं दहा महिन्यांत फेडलं. वह्या सगळ्या सचिवबाईंच्या घरी असतात. आता दिवाळीला गट मोडून पैसे वाटून घ्यायचं चाललंय, काय करू?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर: आधी तुमच्या दोनशे रुपयांचं बघू, कारण पत्र वाचताना मी तिथेच अडकले. पहिल्या महिन्यात दहा हजारांवर दोनशे, बरोबर. पण हजार फेडल्यावर अंगावर राहिले नऊ हजार, म्हणजे दुसऱ्या महिन्याला 180, मग 160, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला फक्त वीस. सगळं मिळून 1,100 होतात आणि तुम्ही भरलेत 2,000! आता सचिवबाईंनी खाल्ले असं मी अजिबात म्हणत नाहीये, कदाचित गटाचा ठरावच सरसकट व्याजाचा असेल, तसं असेल तर वरचे 900 गटाच्याच पेटीत गेले आणि त्यात तुमचाही वाटा आहे. पण हे कळणार कुठून, तर ठरावाच्या वहीतून आणि कर्जाच्या खात्यातून, आणि त्या वह्या आहेत सचिवबाईंच्या कपाटात.

माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगते, "वाटून घेऊया" असं बायका म्हणायला लागल्या की दरवेळी पैशाची नडच असते असं नाही, बरेचदा वही बघून वर्ष उलटलेलं असतं. तोंडावर कोण बोलणार, सचिव शेजारचीच असते नाहीतर जाऊबाई असते, मग दिवाळीचं निमित्त सापडतं.

वाटपाचा हिशोबही करून बघा. बारा जणी, शंभर रुपये, छत्तीस महिने म्हणजे नुसती बचत 43,200. तुमचा गट 'उमेद'मध्ये, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानात नोंदवलेला असेल, बैठका-परतफेड नीट असेल तर बँकेच्या पहिल्या कर्जाचा नियम असा आहे की गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. 43,200 च्या सहापट 2,59,200 होतात, आणि निधीत व्याज, फिरता निधी (उमेदकडून गटाला मिळणारी सुरुवातीची रक्कम) पण धरतात म्हणजे आकडा अजून वर जाईल. मोडलात तर प्रत्येकीच्या हातात 3,600 आणि वर थोडं व्याज, ते दिवाळीत किती दिवस पुरतं ते मी तुम्हाला काय सांगू.

तेव्हा वाटपाचा विषय तूर्त बाजूला ठेवा आणि पुढच्या बैठकीत वह्या सतरंजीवर मांडायला सांगा. हजेरी, ठराव, रोखवही, बचत-कर्जाची खतावणी आणि प्रत्येकीचं पासबुक. एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी आपापलं पासबुक ताडून बघायचं. "आम्हाला कुठं वाचता येतंय" हे मात्र सांगू नका. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हांबरोबर बायका स्वतःची बँक काढायला निघाल्या तेव्हा सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता. त्या गावी येऊन अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशोब घाला, आम्ही तोंडी करतो तुम्ही मशीनवर करा. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. तुमचं तर दहा हजारांचंच गणित आहे.

प्रश्न: आमच्या गटाला दोन लाख मंजूर झालेत पण बँकेतले साहेब म्हणतात आधी पन्नास हजाराची एफडी करा. असं असतं का?

उत्तर: नसतं. गटांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही, कर्जासाठी ठेव मागायची नाही आणि गटाचं बचत खातं पण अडकवायचं नाही, असे रिझर्व्ह बँकेचे आदेशच आहेत. भांडायला जाऊ नका, लेखी द्या म्हणावं, एवढं म्हटलं की पुष्कळदा विषय तिथेच मिटतो. नाहीच मिटला तर ग्रामसंघातर्फे, म्हणजे गावातल्या गटांच्या संघातर्फे, तालुक्याच्या उमेद कक्षात अर्ज टाका, आणि साहेबांकडे एकटी जाऊ नका, चार-पाच जणी मिळून जा.

प्रश्न: गटातून शिलाई मशीनसाठी तीस हजार घेतले, नवऱ्याने त्यातून सेकंडहँड गाडी आणली. हप्ता मलाच भरावा लागतोय, मजुरीच्या पैशातून. गटात सांगायची लाज वाटते.

उत्तर: लाज तुम्हाला का म्हणून? गाडी कोण फिरवतंय! असं घडलेली तुमच्या गटात तुम्ही एकटी नसणार हे मी पैजेवर सांगते, फक्त कुणी बोलत नाही. तुम्ही बोला. एका गटात असंच झालं होतं, तिथल्या बायकांनी ठराव केला की वस्तूसाठी कर्ज असेल तर पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात जातील आणि बिलाची झेरॉक्स वहीला लावायची. आणि त्या गाडीवाल्या भाऊंना पुढच्या बैठकीला बोलावून घेतलं, चहा दिला, हप्त्याची तारीख सांगितली. दर महिन्याच्या पाच तारखेला ते स्वतः गाडीवर येऊन पैसे देऊन जायचे.