मॅसॅच्युसेट्सला येताय, नाच सोबत आणताय

ताई, तुम्ही विचारलंत की नाशिकला सोसायटीच्या हॉलमध्ये जसे चौघं मिळून लोकांना नाचवता, तसं काही इथे पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये उभं करता येईल का. येईल. पण आल्या आल्या स्वतःचं मंडळ काढू नका. पहिलं वर्ष इथल्या कॉन्ट्रा डान्सला, म्हणजे रांगांत जोड्यांनी करायच्या लोकनृत्याला जा, चौघंही जा.

तुम्ही जिथे राहायला येणार, तिथून ग्रीनफिल्ड जवळच. तिथला गायडिंग स्टार ग्रेंज हॉल कॉन्ट्रासाठी देशभर ओळखला जातो. ग्रेंज ही 1867 मध्ये सुरू झालेली शेतकऱ्यांची संघटना, आणि तिचे जुने लाकडी जमिनीचे हॉल न्यू इंग्लंडच्या गावोगावी आहेत. दोन लांब रांगा समोरासमोर, स्टेजवर फिडल आणि पियानो, आणि माइकवर पुढची हालचाल सांगणारा कॉलर. तो आधी संगीताशिवाय सगळा नाच चालवून दाखवतो, मगच वाद्यं सुरू होतात. 64 ठोक्यांचं एक आवर्तन संपलं की तुमची जोडी एक घर पुढे सरकते आणि समोर नवी जोडी येते. म्हणजे एका नाचात निम्म्या हॉलशी हात मिळवून होतो. परक्या गावात ओळखी व्हायला याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

'स्विंग', म्हणजे जोडीने जागच्या जागी घ्यायच्या गिरक्या, तुम्हाला लगेच जमेल, कारण तोल फुगडीसारखाच: दोघांनी सारखं वजन बाहेर टाकायचं. चक्कर येऊ नये म्हणून जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघायचं. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघायला आपल्याकडच्यांना सुरुवातीला अवघड जातं. मुलींना आधीच सांगून ठेवा की कुणीही कुणालाही नाचायला विचारू शकतं आणि 'नको' म्हटलं तर कारण द्यावं लागत नाही. बऱ्याच ठिकाणी आता स्त्री-पुरुष अशा भूमिका नाहीत. डावीकडचा लार्क, उजवीकडचा रॉबिन. तुमच्या दोघी मुली एकमेकींबरोबर बिनधास्त नाचू शकतील. बूट मात्र वेगळे न्या, स्वच्छ आणि मऊ तळव्यांचे. हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ आणि खडी त्या जमिनीवर गेलेली कुणालाही खपत नाही.

नाच संपल्यावर लगेच निघू नका. खुर्च्या उचला, झाडू मारा. आमचं घर इथे रुजलं ते या कामांतून. मग कुणीतरी विचारलं, दारावर बसाल का? बायको गल्ला सांभाळू लागली, मुलगा साउंड शिकला, आणि मी नवख्यांच्या अर्ध्या तासाच्या वर्गात मदत करू लागलो. वेगळ्या गावात आमचा नाच सुरू झाला तेव्हा कॉलर आणि वादक आधीच ओळखीचे होते.

आता कागदपत्रं. हॉलवाले बहुतेक विम्याचं प्रमाणपत्र मागतात. कंट्री डान्स अँड साँग सोसायटी ही 1915 पासूनची संस्था. तिच्याशी संलग्न झालात की गटविमा मिळू शकतो, आणि करमाफ ना-नफा दर्जाही तिच्या छत्राखाली घेता येतो. दारावर 'जमेल तितके द्या' अशी पद्धत ठेवा. आधी भाडं, मग वादक आणि कॉलर यांचं ठरलेलं मानधन. ते कधीही बुडवू नका, वीसच लोक आले तरी.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. यजमान एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि तुम्ही एच-4वर, म्हणजे त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर येणार. शिकवल्याचं किंवा कॉलिंगचं मानधन घेऊ नका, पाकिटातून दिलं तरी. ना-नफा संस्थेत विनामोबदला स्वयंसेवा करणं वेगळं आणि पैसे घेणं वेगळं. तुम्हाला कामाचा परवाना मिळाला तर प्रश्न निराळा, पण तोवर कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही नको.

आपल्या मराठी मंडळींसाठीच काढावं का, असंही तुम्ही लिहिलंय. माझं मत नाही. गणपतीला महाराष्ट्र मंडळात लेझीम आहेच, तिथे जरूर जा. पण दर महिन्याच्या नाचाला गाव लागतं: शाळेतले शिक्षक, निवृत्त सुतार, कॉलेजची पोरं. मध्यंतरात तुम्ही चिवडा ठेवा, ते पाय आणतील.

एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड फोक फेस्टिव्हल असतो, 1944 पासूनचा. त्याआधी पोचत असाल तर कळवा, गाडीत चौघांना जागा ठेवतो.