खडकाच्या थरांना घड्या पडल्या की तिथे युरेनियम जमतं का? आमच्या पारसिकच्या डोंगरातले थर पण कललेले दिसतात, तिथे मिळेल का?

पारसिकचं आधी सांगतो, नाही मिळणार. ते थर गाळाचे नाहीतच, लाव्हाचे आहेत, बेसॉल्ट. पनवेल फ्लेक्शर म्हणून एक मोठा वाक आहे त्यामुळे आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात ते पश्चिमेकडे कललेत, पण बेसॉल्टमध्ये मुळात युरेनियमच नगण्य असतं, त्यामुळे कितीही वाकवला तरी काय उपयोग.

आता मूळ प्रश्न. घडीमुळे युरेनियम येत नाही हो, ते पाण्यातून येतं, घडी फक्त पाण्याची वाट ठरवते. ऑक्सिजनवाल्या पाण्यात युरेनियम विरघळतं आणि वालुकाश्मातून लांबलांब वाहत जातं, मग वाटेत जुनं गाडलं गेलेलं लाकूड, पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) नाहीतर खालून झिरपणारा हायड्रोजन सल्फाइड असलं काही भेटलं की ऑक्सिजन संपतो आणि ते तिथेच बसतं. घडी पडली की थराला गच्चीसारखा ढाळ मिळतो, वाकाच्या माथ्यावर भेगा पडतात, आणि वर फुगलेल्या घडीत, म्हणजे अँटिक्लाइनमध्ये, तेल-गॅस अडकतो, तो गॅस वर झिरपला तर युरेनियम खाली बसवायचं काम तोही करतो.

यावरचा भारी किस्सा अमेरिकेतल्या युटाचा. चार्ली स्टीन हा तेलवाला भूशास्त्रज्ञ, त्याचं म्हणणं होतं की तेलासारखं युरेनियम पण अँटिक्लाइनच्या कडेने सापडेल, लोक हसले. १९५२ मध्ये लिस्बन व्हॅलीत १९७ फुटांवर त्याचं ड्रिल तुटलं, हातात होता आधी वर निघालेला काळा दगड, गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र घ्यायला पैसे नव्हते, शेवटी सिस्को गावच्या पेट्रोल पंपावर दुसऱ्याच्या काउंटरवर तो दगड धरला तर काटा सुसाट, पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचं काळं खनिज, निघालं! पण त्याचं कारण माझ्या मते अर्धंच बरोबर होतं. तिथली घडी खालचं मीठ वर सरकल्यामुळे झालीये, आणि थर साचत होते तेव्हाच ती वाढत होती, त्यामुळे नद्या तिच्या कडेने वळल्या आणि वाळू, लाकूड तिथे साचलं.

म्हणून घडी आधी की साठा आधी हे बघावंच लागतं. साठा आधीचा असेल तर घडी त्याला नुसती वाकवते, आणि नंतर भेगांतून ताजं पाणी शिरलं तर असलेलं पण धुवून नेते.

आणि घडी लागतेच असंही नाही. जगातलं साधारण ४० टक्के युरेनियम काढणाऱ्या कझाकस्तानात बरेचसे साठे जवळजवळ सपाट वालुकाश्मात आहेत, लांब तिकडे तियान शान पर्वत उचलला गेला आणि पाण्याला जोर तिथून मिळाला. आपल्याकडे आंध्रात तुम्मलपल्लीला थर फक्त १५ अंशांच्या आसपास कललेत, तेही डोलोमाइटचे, म्हणजे चुनखडीसारख्या खडकाचे, आणि मेघालयातल्या दोमियासियातच्या महादेक वालुकाश्मात तर धड घडी म्हणावी असं काही नाही, तिथे काम केलंय गाडल्या गेलेल्या झाडपाल्याने.