विजयालक्ष्मी पंडित जगातल्या पहिल्या महिला राजदूत होत्या का?

नाही, तो मान त्यांचा नाही. सोव्हिएत रशियाच्या आलेक्सांद्रा कोलोन्ताय 1920 च्या दशकातच नॉर्वेत आपल्या देशाचं राजनैतिक काम पाहत होत्या. घोळ होतो तो दुसऱ्या एका ‘पहिल्या’मुळे. 1953 साली विजयालक्ष्मी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या आणि त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्याच महिला. आमसभेच्या माजी अध्यक्षांची यादी पाहिली की लगेच कळतं: पुढचं महिलेचं नाव थेट 1969 चं, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स यांचं. (अध्यक्ष म्हणजे सरचिटणीस नव्हे, हीही गल्लत बरेच जण करतात.) राजदूत म्हणून विजयालक्ष्मी 1947 ला मॉस्कोला गेल्या, मग वॉशिंग्टन, पुढे लंडनला उच्चायुक्त. त्याआधी 1937 मध्ये संयुक्त प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशात) स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य खात्याच्या मंत्री होत्या. आपल्याकडे, महाराष्ट्रात, 1962 ते 64 राज्यपाल होत्या. ते पद सोडून फूलपूरमधून लोकसभेवर गेल्या. नेहरूंची बहीण असण्याचा फायदा झाला, हे खरंच. पण 1977 मध्ये त्याच घरातल्या भाचीविरुद्ध, इंदिरा गांधींविरुद्ध, त्या उघडपणे प्रचाराला उतरल्या.