कोटेशनचे पैसे मागतात, द्यावेत का?

प्रश्न : ठाण्यात १८ वर्षे जुन्या इमारतीत आमचा टू बीएचके आहे. दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि सगळ्या घराचा रंग असे काम काढायचे आहे. तीन कॉन्ट्रॅक्टर बघून गेले. दोघांनी फुकट कोटेशन दिले, पण त्यांच्या आकड्यांत दीड लाखाचा फरक आहे. तिसरा म्हणतो, मोजमाप घेऊन एस्टिमेट करायचे दोन हजार लागतील, काम मला दिले तर बिलातून वळते करेन. बघायचे कसले पैसे?

उत्तर : बघायचे पैसे देऊच नका. मोजायचे आणि लिहून द्यायचे मागत असेल तर जरूर द्या, आणि त्या बदल्यात हातात काय पडणार हे आधी ठरवून घ्या.

फुकट कोटेशन कसे तयार होते ते बघा. माणूस पंधरा-वीस मिनिटे घरात फिरतो, चार फोटो काढतो आणि रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवतो : ‘बाथरूम २ नग, लम्पसम’. लम्पसम म्हणजे सगळ्याची मिळून एक ठोक रक्कम. हा आकडा त्याच्या मागच्या कामावरून आलेला असतो, तुमच्या बाथरूमवरून नव्हे. दीड लाखाचा फरक बहुधा दरातला नसतोच. एकाने जे धरले ते दुसऱ्याने धरलेले नसते.

४ × ७ फुटांचे बाथरूम घ्या. चारी भिंतींची बेरीज २२ फूट. अडीच फुटी दार वजा केले तर १९.५ फूट, आणि ७ फूट उंचीपर्यंत टाइल म्हणजे १३६.५ चौरस फूट डॅडो (भिंतीवरची टाइल). तीच टाइल ९.५ फुटांवरच्या छतापर्यंत नेली तर दाराच्या वरचा भागही धरून १९१.५ चौरस फूट होते. एका बाथरूममागे ५५ आणि दोन्ही मिळून ११० चौरस फुटांचा फरक झाला, तोही टाइल, चिकटवण्याचा माल आणि मजुरी यांसकट. लम्पसममध्ये यातली कोणती उंची धरली आहे ते कुणालाच दिसत नाही.

वॉटरप्रूफिंगचेही असेच. जमीन २८ चौरस फूट आणि भिंतीवर चारी बाजूंनी फूटभर चढवले तर सुमारे ५० चौरस फूट. ‘वॉटरप्रूफिंगसह’ असे लिहून कुणी फक्त जमिनीवर ब्रशने दोन हात मारतो, तर कुणी संकन स्लॅब (बाथरूमखालचा खोलगट भाग) पूर्ण मोकळा करून कोबा (विटांचे तुकडे व सिमेंटचा थर) नव्याने करतो. जुन्या इमारतींत हा संकन भाग आठ-दहा इंच ते फूटभर खोल असतो आणि विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. फूटभर खोली धरली तर एकाच बाथरूममधून २८ घनफूट भराव निघतो आणि सुटल्यावर तो फुगतो. तेवढ्या डेब्रिजच्या गोण्या चौथ्या मजल्यावरून खाली कोण नेणार? सोसायटी लिफ्ट वापरू देणार का? स्वस्त कोटेशनमध्ये याचे उत्तर नसते. ते काम सुरू झाल्यावर ‘एक्स्ट्रा’ या नावाने येते.

टू बीएचके नीट मोजायला दोन-तीन तास लागतात आणि ते कागदावर मांडायला आणखी निम्मा दिवस. त्याचे दोन हजार गैरवाजवी नाहीत. मात्र पैसे देण्याआधी एवढे कबूल करून घ्या :

- मोजमाप पत्रक : प्रत्येक भिंतीची लांबी, उंची, नग, वजावट आणि एकूण. नुसती बेरीज नको.
- कामवार तक्ता : परिमाण, दर, रक्कम आणि मालाचा ब्रँड व ग्रेड. ‘चांगल्या कंपनीचा पाइप’ चालणार नाही. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा) की यूपीव्हीसी (थंड पाण्याचा), किती व्यासाचा, हे हवे.
- काय धरलेले नाही याची यादी. डेब्रिज, परांची, इलेक्ट्रिकची चर मारणे, नळ-शॉवर, सोसायटीचे डिपॉझिट.
- दर किती दिवस कायम राहतील. साधारण ३० दिवस लिहून देतात.
- मोजमाप पत्रक तुमचे. दुसऱ्याला दाखवायची मोकळीक.

शेवटच्या मुद्द्यावर गाडी अडते. तक्ता देतात, पण परिमाणाचा रकाना कोरा ठेवतात किंवा ‘एल.एस.’ (लम्पसम) लिहितात, म्हणजे तोच कागद दुसऱ्याला देऊन तुम्ही दर मागवू शकत नाही. असे असेल तर दोन हजार वाया गेले समजा. उलट परिमाणे भरून मिळाली, तर दराचा रकाना झाकून तोच तक्ता उरलेल्या दोघांना भरायला द्या. मग तिघांचे आकडे खरोखर एका ओळीत बसतात आणि दीड लाख कुठे दडले होते ते दिसते.

‘वळते करू’ हे पावतीवर लिहून घ्या आणि ते अंतिम बिलातून, असे स्पष्ट करा. अॅडव्हान्समधून वळते केले की हिशेब धूसर होतो.

रंगाच्या मोजमापात एक गोष्ट तपासा. सरकारी कामात गिलाव्याच्या मोजमापाला आयएस १२०० या भारतीय मानकाची पद्धत वापरतात, रंगालाही तीच धरता येते. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची (सुमारे ५ चौरस फूट) मोकळी जागा वजाच करत नाहीत. त्याहून मोठी, पण ३ चौरस मीटरपर्यंतची दारे-खिडक्या भिंतीच्या एकाच बाजूने वजा करतात, कारण दाराच्या कडा वेगळ्या मोजत नाहीत. बरेच रंगारी ‘फुल मेजरमेंट’ म्हणून काहीच वजा करत नाहीत. दर त्या हिशेबाने कमी असेल तर तेही चालते, पण एक वजावट न करणारा आणि एक करणारा यांच्या निव्वळ दरांची तुलना करू नका.

जीएसटीबद्दल थोडक्यात. ‘१८ टक्के जीएसटी वेगळा’ असे लिहिले असेल तर कोटेशनवर जीएसटी क्रमांक हवाच. नोंदणी नसलेल्याला तो कर लावता येत नाही.

प्रश्न : चिंचवडमध्ये एकाला एस्टिमेटचे १,५०० रुपये ऑनलाइन दिले. चार दिवसांनी त्याने फक्त एक आकडा पाठवला, तोही फोटोत. आता फोन उचलत नाही. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि ते तुम्ही पैसे मोजलेत म्हणूनच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मोफत दिलेली सेवा ‘सेवा’ धरली जात नाही. फुकट कोटेशनबद्दल तक्रार चालली नसती, १,५०० दिल्यावर तुम्ही ग्राहक झालात. पैसे गेल्याचा यूपीआयचा तपशील आणि ‘मोजून सविस्तर देतो’ असे त्याने लिहिलेला संदेश, हे दोन्ही जपून ठेवा. आधी त्याला लेखी कळवा : अमुक तारखेपर्यंत मोजमापासह तपशील द्या, नाहीतर पैसे परत करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही. पण खरे सांगायचे तर दीड हजारासाठी तारखा करण्यात तुमचेच जास्त जातील. लेखी पत्र आणि हेल्पलाइन, इथपर्यंत जरूर जा.

पुढच्या वेळी निम्मे मोजमापाच्या दिवशी, निम्मे कागद हातात आल्यावर.

प्रश्न : कोथरूडला आमच्या बाथरूमखालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे. वॉटरप्रूफिंगवाले थर्मल कॅमेऱ्याने तपासायचे ३,५०० मागतात. खालचे शेजारी म्हणतात, तुम्हीच द्या.

उत्तर : कॅमेरा नंतर. आधी ओल केव्हा वाढते ते बघा, त्यातच निम्मे निदान होते. दिवसरात्र सारखी ठिबकत असेल तर संशय दाबाच्या पाइपवर. घरातला मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा. ठिबक मंदावली तर गळती त्याच लाइनमध्ये. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅपचा (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा किंवा जमिनीचे वॉटरप्रूफिंग. फक्त पावसाळ्यातच येत असेल तर बाहेरची भिंत किंवा बाहेरचा सामाईक पाइप.

जमिनीची परीक्षा घरीच होते. नहाणी ट्रॅपचे तोंड कापड आणि प्लास्टिकने घट्ट बंद करा, उंबरठ्याच्या खाली राहील एवढे पाणी भरा, टाइलवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि २४ ते ४८ तास तसेच ठेवा. पातळी जेमतेम उतरली आणि खालची ओल वाढली नाही, तर जमीन बहुधा ठीक. दोष ट्रॅपमध्ये किंवा पाइपमध्ये. थोडी उतरलेली पातळी बाष्पीभवनाचीही असते, म्हणून शेजारी एक पाण्याची बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. बादलीतले पाणी जेवढे उतरले तेवढे हवेत गेले.

एवढ्याने जागा सापडली नाही तर कॅमेऱ्यावर खर्च करा. पण तो पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. ओली जागा वाळताना थंड पडते म्हणून ती दिसते. महिनाभर बाथरूम बंद ठेवून कोरड्या छताचा फोटो काढला तर काहीच हाती लागणार नाही. आणि तपासणारा तोच कोटिंग विकणारा असेल, तर त्याच्या अहवालात दुसरा उपाय क्वचितच निघतो. तपासणीपुरते पैसे घेणाराच गाठा.

पैसे कुणी द्यायचे हे उगमावर ठरते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार स्वच्छतागृह, सिंक अशी आतली गळती सभासदाच्या खर्चाने. गच्चीची, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची सोसायटीच्या. म्हणून तपासणी शुल्क आधी कुणीतरी भरावे आणि उगम कळल्यावर ज्याचे त्याच्याकडून घ्यावे, असे सेक्रेटरींसमोर लिहून ठेवा. इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील तर तपासणीआधी बिल्डरला पत्र द्या. रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम १४(३) खाली बांधकामातला व कारागिरीतला दोष त्याने मोफत दुरुस्त करायचा असतो. तुम्ही आधीच फरशी उखडलीत तर तो म्हणेल, तुम्हीच बिघडवले.

प्रश्न : सावंतवाडीजवळ वडिलोपार्जित कौलारू घर आहे. सुतार म्हणतो, कौले उतरवून बघितल्याशिवाय अंदाज देणार नाही आणि त्या दिवसाची दोन माणसांची मजुरी द्यावी लागेल.

उत्तर : द्या. तो सरळ बोलतोय. खालून बघून छपराचा आकडा सांगणारा माणूस तुम्हाला नंतर महागात पडेल. वाळवी लागलेला वासा बाहेरून धड दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आत शिरतो. वासे भिंतीवर टेकतात ती टोके आणि आढ्याजवळचा भाग, या दोन ठिकाणी कौले काढायला सांगा, शिवाय जिथे पाणी ठिबकते तिथे. सगळे छप्पर उघडायची गरज नाही.

मात्र मजुरीच्या बदल्यात दर एककावर मागा. लाकूड घनफुटावर : ४ × ३ इंचाचा १२ फुटी वासा बरोबर १ घनफूट भरतो, त्यामुळे हिशेब तुम्हालाही जमेल. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) रनिंग फुटावर, कौले उतरवून साफ करून परत चढवणे चौरस फुटावर, फुटलेल्या कौलांची भर नगावर. किती वासे बदलावे लागतील हे छप्पर उघडल्यावरच नक्की कळणार, पण प्रत्येक वाढीव वाशाचा दर आजच ठरलेला असेल. परत मिळणारे जुने सागाचे लाकूड कुणाचे, हेही त्याच कागदावर लिहा. भांडणे बहुतेक यावरूनच होतात. आणि हे सगळे मार्चपूर्वी उरका, एप्रिल-मेमध्ये कोकणात सुतार मिळणे कठीण.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला, फ्लॅट नाशिकला. व्हिडिओ कॉलवर घर दाखवून एस्टिमेटचे १,००० रुपये द्यावेत का?

उत्तर : नको. व्हिडिओवरून फार तर काम किती लाखांच्या घरात जाईल एवढे कळते आणि ते फुकट कळायला हवे. त्या पैशांत नाशिकचाच एखादा सिव्हिल डिप्लोमा झालेला साइट सुपरवायझर मोजमापासाठी पाठवा, जो स्वतः काम घेणार नाही. प्रत्येक खोलीचा टेप लावलेला फोटो, ओलीच्या जागांचे फोटो आणि पाण्याचा दाब बघायला सगळे नळ उघडून काढलेला एक व्हिडिओ त्याच्याकडून मागवा. त्यावर कॉन्ट्रॅक्टरकडून दर मागवता येतील.