फतवा 'काढत' नाहीत

तुमचा प्रश्न असा आहे : 'न्यायालयाने फतव्यांवर बंदी घातली' हे बरोबर, की 'फतवे बेकायदा ठरवले' हे? दोन्ही चूक. पण आधी 'फतवा काढला'चा समाचार घेऊ. शाळेचा गणवेशाचा फतवा, सोसायटीचा पार्किंगचा फतवा... ऐकून कान किटले! हुकूम काढतात, परिपत्रक काढतात. फतवा देतात, तोही कुणी मागितला तर.

मागण्याला 'इस्तिफ्ता' म्हणतात आणि देणाऱ्याला 'मुफ्ती'. एकाच धातूची ही भावंडं. शंका विचारायची, मुफ्तीने शास्त्र पाहून आपलं मत द्यायचं. (या हिशेबाने मीही आत्ता फतवाच देतोय.) असं असताना आपले कोशकार 'धर्माज्ञा' हा अर्थ देऊन मोकळे होतात. आज्ञा कुठून आली? माझा तर्क : 'फर्मान'वरून. दोन्ही शब्द 'फ'चे, दोन्ही दरबारी थाटाचे. फर्मानाचं 'काढणं' फतव्याला चिकटलं आणि मागून हुकमाचा वासही आला. काहीजण त्याचं नातं 'फितुरी'शी लावतात, ते मात्र साफ खोटं. फितूर, फत्ते आणि फतवा यांच्या अरबी धातूंत तिसरं अक्षर वेगवेगळं आहे. कानाला सारखं लागलं म्हणून गोत्र एक होत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. जुने अरबी कोशकार 'फतवा' जोडतात 'फता'शी, म्हणजे तरण्या पोराशी! का, तर नव्याने उद्भवलेल्या प्रसंगावरचं ते उत्तर. ज्या शब्दात आपल्याला बुरसट हुकूम दिसतो, त्याच्या पोटात तारुण्य.

आणि आपलं सर्वोच्च न्यायालय कोशकारांपेक्षा शब्दाच्या जवळ गेलं. 2005मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका विवाहितेबद्दल फतवा दिला गेला. विचारणारा होता पत्रकार, ती बाई नव्हे. त्यावरून फतव्यांविरुद्ध याचिका झाली. तिच्यावरच्या 7 जुलै 2014च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येणार नाही, आणि एखाद्याच्या हक्कांबद्दल वा दर्जाबद्दल फतवा त्या व्यक्तीने स्वतः मागितल्याशिवाय देऊ नये; ती असमर्थ असेल तरच तिच्या वतीने दुसऱ्याने विचारावं. म्हणजे इस्तिफ्ताच की! मुस्लिमाने विचारावं, मुफ्तीने सांगावं, पटलं तर पाळावं. संविधानाच्या अनुच्छेद 25मधलं धर्मस्वातंत्र्य शाबूत. बंदी घाला ही याचिकाकर्त्याची मागणी होती, ती न्यायालयाने मानली नाही.

हां, तुमचं वाक्य. 'फतव्याची सक्ती नाही' असं लिहा, मथळ्यातही मावतं.