पॅडल, पेडल, पायडल आणि वल्हे

प्रश्न असा आला आहे : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा ठाण्याच्या तलावपाळीला पायांनी चालवायची बोट मिळते, तिला 'पॅडल बोट' म्हणायचे की 'पेडल बोट'? आणि होडीपासून पिकलबॉल या फळीने खेळायच्या खेळापर्यंत इंग्रजीत जिकडेतिकडे भेटणाऱ्या 'पॅडल'ला मराठीत 'वल्हे' एवढा एक शब्द पुरेल का?

पहिल्याचे उत्तर 'पेडल बोट'. पायाने दाबायचे ते पेडल. मात्र घोळ व्हायला कारणही आहे. अशा बहुतेक बोटींत पाय पेडलवर असतात आणि त्या पेडलांनी फिरते ते खालचे चाक पात्यापात्यांचे असते, इंग्रजीत त्याला पॅडल व्हील म्हणतात. म्हणजे दोन्ही शब्द त्या एकाच बोटीत बसलेले आहेत, एक पाण्याच्या वर आणि एक पाण्यात.

हे शब्द इंग्रजीत अगदी वेगळे. पेडल आला लॅटिनमधून. तिथे पायाला 'पेस' म्हणतात आणि त्याची विभक्तिरूपे 'पेद-' अशी होतात. संस्कृतातला 'पाद' आणि हा लॅटिन शब्द एकाच मुळाचे. 'पाद'चा प्राकृतातून 'पाय' झाला. आता सायकलच्या दुकानात ऐकू येणारा 'पायडल' हा शब्द पाहा. शिकलेली माणसे तो अशुद्ध मानून टाळतात, पण मला तो फार मोलाचा वाटतो. ज्याने पहिल्यांदा पायडल म्हटले त्याला लॅटिन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पायाने मारायचे म्हणून त्याने शब्दात पाय घातला, आणि तो नेमका त्या शब्दाच्या सख्ख्या नातेवाइकापाशी जाऊन पोचला. कोणी 'पायडल' लिहिले तर मुद्रितशोधकाने त्यावर लाल रेघ मारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग 'पॅडल मारणे' कुठून आले? मुंबईची मुले सायकल शिकताना आधी कैची, मग हाफ पॅडल, मग फुल पॅडल असेच म्हणतात. इंग्रजी शब्दातला 'ए' आपल्या तोंडी 'ॲ' होण्याची सवय जुनी आहे. 'मेसेज'चा 'मॅसेज' रोज ऐकू येतो, तसेच पेडलचे पॅडल झाले. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. लिहिताना मात्र जिथे खरे पॅडल आणि पेडल शेजारी येतात तिथे फरक राखलाच पाहिजे.

आता खरे पॅडल. या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ नांगराच्या फाळाला चिकटलेली माती खरवडण्याचे छोटे फावडे असा आहे; होडीशी त्याची गाठ पडली ती सतराव्या शतकात. दांडा आणि त्याच्या टोकाला रुंद, चपटे पाते, हा आकारच त्याच्या सगळ्या अर्थांना धरून आहे. उथळ पाण्यात पाय बुडवून फिरणे, म्हणजे जुहूला आपण जे करतो, त्यालाही इंग्रजीत पॅडल म्हणतात, पण ते क्रियापद कोशकार वेगळे धरतात. त्याला यातून बाजूला ठेवू.

होडीच्या बाबतीत इंग्रजी एक भेद करते जो मराठी करत नाही. होडीच्या काठावर टेकवून किंवा अडकवून ओढायचे ते 'ओर', आणि कुठेही न टेकवता दोन्ही हातांत सुटे धरायचे ते पॅडल. ओर ओढणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, पॅडलवाल्याचे तोंड. रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्सच्या, म्हणजे एकट्याने दोन ओर ओढायच्या, शर्यतीत उतरला होता. त्या शर्यतीत खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करूनच बसतो. कयाक नावाच्या निमुळत्या होडीत हे उलटे. आपल्याकडे दोन्ही साधने वल्हेच, क्रियापद वल्हवणे किंवा वल्हे मारणे. भाषांतर करणाऱ्यांना ही उणीव वाटते. मला वाटत नाही, कारण विशेषण लावले की काम भागते : टेकवलेले वल्हे, सुटे वल्हे, आणि कयाकच्या दोन्ही टोकांना पाते असलेल्या पॅडलला दुपाती वल्हे. त्याहून मोठी अडचण 'नौकानयन' या शब्दाची आहे. वर्तमानपत्रे रोइंगलाही नौकानयन म्हणतात आणि शिडाच्या बोटींच्या शर्यतीलाही. एकात वल्हे आहे, दुसरीत वारा. तिथे 'वल्हवण्याची शर्यत' आणि 'शिडाची शर्यत' असे सरळ का लिहू नये?

थोडे आडवळण. दर्यावरचे आपले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आले : नाखवा फारसी नाखुदापासून, सुकाणू आणि खलाशी अरबीतून. वल्ह्याला संस्कृतात अमरकोशाने नौकादण्ड आणि क्षेपणी म्हटले आहे. अरित्र हा शब्द तिथे सुकाणूसाठी आहे, पण ऋग्वेदात 'शतारित्रा' नौका येते ती शंभर वल्ह्यांची. इंग्रजीत सुकाणूला जो 'रडर' शब्द आहे तो या अरित्राच्याच गोत्रातला, आणि त्याचाही जुना अर्थ वल्हेच. पूर्वी होडीची दिशा वल्ह्यानेच सांभाळत, म्हणून दोन्ही भाषांत तो शब्द वल्ह्याकडून सुकाणूकडे सरकला.

पॅडल व्हीलचा मुंबईशी संबंध जुना आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी इथून निघून सुएझला गेली. तिला दोन्ही अंगांना पात्यांची मोठी चाके होती. अशा बोटीला मराठीत 'चाकाची आगबोट' म्हणावे, 'वल्ह्याची' म्हणू नये. वल्हे म्हटले की हात आलाच. पुढे बोटीच्या मागे पाण्याखाली मळसूत्री पाती आली, त्यांना आपले मच्छीमार पंखा म्हणतात आणि तो शब्द उत्तम आहे. कोळंबीच्या तळ्यात पाणी उसळवत फिरणारे यंत्रही पॅडल व्हीलच, पण त्याला सगळे एरेटर म्हणतात.

ज्या पॅडलने बडवायचे असते त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे, थापी. कुंभार मडक्याच्या आत गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापीने थापटून भिंत पातळ करतो. पुरातत्त्वाच्या इंग्रजी पुस्तकांत या रीतीच्या नावात पॅडल येते आणि मराठी भाषांतरात तिथे 'वल्हे' वाचायला मिळते, तेव्हा फार वाईट वाटते. लिलावात उंचावतात ती क्रमांकाची पाटी. मोटारीच्या स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल मात्र पॅडलच राहू द्यावे.

क्रिकेटमधला पॅडल स्वीपही तसाच ठेवावा. लेग स्टंपवरच्या चेंडूला जोर न लावता, बॅट आडवी करून नुसते फाइन लेगकडे वळवायचे, हा फटका सचिन तेंडुलकर फिरकीला किती सहज खेळायचा ते मुंबईकराला सांगायला नको. बॅट तिथे वल्ह्यासारखी हलकेच सरकते, म्हणून हे नाव.

राहिले नवे खेळ. टेबल टेनिसच्या बॅटला अमेरिकेत पॅडल म्हणतात, आपण बॅट म्हणतो, ते बदलायचे कारण नाही. पिकलबॉल १९६५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या तारा नसलेल्या फळीला पॅडल म्हणतात आणि मुंबईतले खेळाडूही तेच म्हणतात. काचेच्या भिंतींमध्ये २० बाय १० मीटरच्या कोर्टावर खेळतात तो खेळ वेगळा. तो १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्क्वेरा यांनी सुरू केला. त्याचे नाव इंग्रजी पॅडलवरूनच स्पॅनिशमध्ये गेले, पण तिथला उच्चार 'पादेल', आघात पहिल्या अक्षरावर. त्यातल्या फळीला ते 'पाला' म्हणतात, आणि पालाचा मूळ अर्थ फावडे! मराठी बातमीत या खेळाचे नाव 'पादेल' लिहावे, म्हणजे 'पॅडल कोर्ट' वाचून कोणी पिकलबॉलची तयारी करून जाणार नाही.